बाबांच्या ट्रॅक्टरची अवजारं

९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. वहिनींनाही सांग. आम्ही इकडे बरे आहोत आणि तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. फोन करणार होतो, पण आपल्या फोनचं तुला माहीतच आहे. तू ‘बोल’ म्हणतोस, मी ‘काही नाही, सहज’ म्हणतो, आणि मग दोघंही दुसऱ्याने ठेवण्याची वाट बघत बसतो. कागदावर निदान सुरू केलेलं वाक्य पुरं करता येतं.

विहिरीला पाणी ठीक आहे. हिचे गुडघे हवा बदलली की कुरकुर करतात. मुलगी नोकरीच्या गावी रुळली. रविवारी फोन करते आणि सगळा वेळ आईशीच बोलते. मला शेवटी ‘बाबा, जेवलात ना?’ एवढंच.

पत्राचं कारण तसं किरकोळ आहे. बाबांचा लहान ट्रॅक्टर मी सुरू केला.

वाटणीत तो माझ्याकडे आला तेव्हापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली उभाच होता. अवजारं तुझ्याकडे, ट्रॅक्टर माझ्याकडे. ही वाटणी करून काकांनी मोठ्या समाधानाने मांडीवर थाप मारली होती, आठवतं? ‘आता तुम्हाला एकमेकांकडे जावंच लागेल,’ म्हणाले होते. काका भला माणूस. त्यांनी लोखंड बरोबर मोजलं, आपल्या दोघांचा हट्ट तेवढा मोजायचा राहिला.

टाकी धुतली, रबरी नळ्या बदलल्या, नवी बॅटरी टाकली. किल्ली फिरवली तर आधी नुसताच खोकला. मग एक काळा ढग बाहेर पडला आणि पाठोपाठ तोच आवाज, दादा. अगदी तोच. इतकी वर्षं तो त्या लोखंडात गप्प बसून होता आणि एका ठिणगीचीही गरज न लागता, नुसत्या हवेच्या दाबाने पुन्हा जागा झाला. शाळेत आपल्याला कुणी तरी शिकवलं असेल की डिझेल इंजिन असंच चालतं. शिकून माहीत असणं वेगळं, सीटखाली ते थरथरताना कळणं वेगळं. ही हात पुसत बाहेर आली तेव्हा मी स्टिअरिंगवर दोन्ही हात जोडून बसलो होतो.

‘चालवताय की पाया पडताय?’ म्हणाली.

मी म्हटलं, दोन्ही.

आता अडचण सांगतो. संत्र्याची बाग मोठी झाली आहे आणि ओळी जवळजवळ आहेत. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर मधे शिरत नाही. परवा एक ट्रॅक्टरवाला बांधावरूनच परत गेला. जाताना म्हणाला, ‘काका, ही बाग आहे की बोळ?’ गवत कमरेपर्यंत आलंय, खुरपायला माणूस मिळत नाही, मुळांना हवा नाही. हिने सरळ निकाल दिला: एक आड एक ओळ काढून टाका, म्हणजे मोठा ट्रॅक्टर फिरेल. झाडतोड्याला महिनाअखेरीस यायला सांगून ठेवलंय. तिचं चूक नाही. अर्धी बाग गेली तर निदान अर्धी जगेल. पण झाडं आता कळीवर आहेत आणि मी त्या ओळींतून जाताना खाली बघून चालतो.

एवढ्या जवळ का लावली, असं तू विचारशील. लहान ट्रॅक्टरच्या मापाने लावली. असो.

म्हणून गेले कित्येक दिवस मी या ट्रॅक्टरला बसेल असं अवजार शोधतोय. कंपनी कधीच बंद पडली. दुकानात मॉडेल सांगितलं तर दुकानदाराने पोराला नाही, स्वतःच्या वडिलांना हाक मारली, आणि ते म्हातारबाबा काठी टेकत बाहेर येऊन म्हणाले, ‘हा अजून जिवंत आहे?’ नव्या अवजारांच्या पिना जाड, आपल्या ट्रॅक्टरच्या अवजार उचलणाऱ्या हातांची भोकं बारीक. भोकं जुळली तर रुंदी जुळत नाही. रुंदी जुळली तर वरचा तिसरा दांडा, टॉपलिंक, पोचत नाही. तीन जागी तर जोडायचं असतं. पण ती तिन्ही ठिकाणं एकाच वेळी ‘हो’ म्हणणं ही केवढी दुर्मिळ गोष्ट आहे, हे मला या वयात कळलं.

एक जुना रोटाव्हेटर मात्र बसला. मी खूश. बांधावर ही, शेजारी, सगळे बघायला. सुरू केला, आणि पाती उलटी फिरायला लागली! आपल्या ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट इतरांच्या उलट दिशेने फिरतो, हे मला कुठे ठाऊक? पात्यांची धार वर आणि पाठ खाली. माती कापायची सोडून ते यंत्र मातीची पाठ थोपटत बसलं, आणि ट्रॅक्टरला मागे ढकलायला लागलं. शेजारी म्हणाले, ‘चांगलं आहे, शेताला झोप लागेल.’

शेवटी वेल्डिंगवाल्याला घरी आणलं. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. देह पिंपासारखा आणि तोंड अखंड चालू. तो ट्रॅक्टरखाली शिरला आणि बराच वेळ गप्प झाला. मला वाटलं, अडकला. मग आतून म्हणाला, ‘हे बघायला तुम्ही पण झोपा.’

मी त्याच्या शेजारी मातीत आडवा झालो. त्याने बोटाने दाखवलं. लिफ्टचे दोन्ही हात मधे कापून, आत घेऊन पुन्हा जोडलेले आहेत. जोड इतका साफ घासलेला की नख फिरवलं तरच लागतो.

‘कंपनीचं काम नाही हे,’ ठिणगी म्हणाला. ‘कुणी केलंय?’

‘बाबांनी केलं असणार. अवजारं दुसऱ्या कुठल्या तरी ट्रॅक्टरची होती. लिलावातून आणलेली.’

‘मग त्यांनी अवजारांनाही हात लावलाय, लिहून घ्या. हे हात जेवढे आत यायला हवेत तेवढे आलेले नाहीत. अर्ध्यावर थांबलेत. उरलेलं अर्धं अवजारांनी सोसलंय.’

‘सगळं एकाच बाजूने का नाही केलं?’

‘एकालाच कापत बसलं तर तो कमजोर होतो ना. दोघांकडून थोडं थोडं घेतलं.’

मी तसाच पडून राहिलो. वर इंजिनाचं पोट, कानाशी ठिणगीचा श्वास. आपण दोघं त्या ट्रॅक्टरवर बसून मोठे झालो, दादा, आणि ते जोड आपल्या पायाखाली होते. जगात कुठलंही अवजार याला धड का बसत नाही ते मला तेव्हा समजलं. हा फक्त त्या अवजारांसाठी केलेला आहे, आणि ती फक्त याच्यासाठी.

तर काम एवढंच: तुझ्याकडच्या पाच फणांच्या कल्टिव्हेटरच्या खालच्या दोन पिनांमधलं अंतर तेवढं कळव. त्यावरून ठिणगी नवं बनवून देईल म्हणतो. मी अवजारं मागत नाहीये. ती तुझ्या वाट्याची आहेत. फक्त माप.

तुझा,
धाकटा


२३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. दूधगाडीवाल्याबरोबर पाठवलेली काठी पोचली. दोन्ही टोकांना पिनांच्या जागी खाच, आणि खाचा मोडू नयेत म्हणून वर फडकं गुंडाळलेलं. चिठ्ठी शोधली, नव्हती. ही म्हणाली, ‘एवढ्या वर्षांनी दादांनी काठी पाठवली. स्वतः घेऊन आले नाहीत हे नशीब समजा.’ खूप हसलो. मग ती काठी मी हातात घेऊन जरा वेळ ओट्यावर बसलो. खाचा तुझ्याच आहेत, चाकू आधी तिरका आणि मग सरळ. तू लहानपणी पेन्सिलीलाही असंच टोक काढायचास.

ठिणगीने त्या मापाने नवं अवजार बनवलं. पिनांवर सुरेख बसलं. शेतात घातलं तर डावी बाजू ढेकळांत खोल गेली आणि उजवी हवेत. टॉपलिंक लांब केली, आखूड केली, काही फरक नाही. ठिणगी फतकल मारून बांधावर बसला आणि म्हणाला, ‘काठीत अंतर येतं, मालक. कल येत नाही. तुमच्या वडिलांनी त्यात काय काय तिरकं केलंय ते मूळ अवजार समोर असल्याशिवाय देवालाही सांगता यायचं नाही.’

‘देवाला सांगता येईल,’ मी म्हटलं.

‘मग त्याच्याकडून बनवून घ्या.’

आता जे लिहायला हे पत्र घेतलंय ते लिहितो. दूधगाडीवाला काठी देऊन चहाला थांबला होता. बोलता बोलता म्हणाला, ‘तुमचे दादाही मोठे गमतीचे आहेत बुवा. अंगणात असाच एक लहान ट्रॅक्टर उभा, आणि शेताला भाड्याचा बोलावतात.’

मला वाटलं, तो काही तरी घोटाळा करतोय. ‘आमचा ट्रॅक्टर इथे आहे,’ मी म्हटलं.

‘हा नाही हो. दुसरा. जुनाच आहे, कुठून तरी शोधून आणला होता त्यांनी. विचारलं तर म्हणतात, अवजारं आहेत घरची, पण याला बसत नाहीत.’

दादा, माझ्या हातातला चहा गार झाला. ही आतून विचारत होती, कोण आलंय, काय झालं. तिकडे तू अवजारांना ट्रॅक्टर शोधत होतास, इकडे मी ट्रॅक्टरला अवजारं. आपल्या दोन गावांच्या मधे फक्त एक खिंड. दोघांनी दुकानं पालथी घातली, दोघांनी भोकं मोजली, बहुतेक दोघांनी त्याच म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं असेल. आणि दोघांनाही ज्या एका अंगणात जायचं होतं तेवढं सोडून आपण सगळीकडे जाऊन आलो. आपल्याकडे वरून कुणी बघत असतं असं मी मानतो, तुला माहीत आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की त्याला आपलं हसू येत असेल, आणि तरी तो वाट बघत असेल.

मागच्या पत्रात मी बागेबद्दल ‘असो’ लिहून पुढे गेलो. खरं सांगायचं तर झाडं लावताना ठिणगीसारखाच एक जण मला म्हणाला होता, ‘अंतर वाढवा, या मापाचं अवजार तुमच्याकडे नाही.’ मी त्याला म्हटलं होतं, ‘आहे. दादाकडे आहे.’ झाडं मोठी व्हायला वर्षं लागतात. तोवर तू आलेला असशील, किंवा मी गेलेला असेन, आणि हे सगळं मागे पडलं असेल, असं मी मनाशी पक्कं धरून खड्डे खणले. प्रत्येक खड्डा त्याच हिशेबाने. झाडं आपल्या वेळेला वाढली. आपण मात्र जिथल्या तिथे. तसं आपण भांडलो असतो तरी बरं होतं, मिटवायला काही तरी हाती असतं. आपण नुसते थांबून राहिलो. आधी तो येईल, मग मी.

तर मी येतोय. शुक्रवारी सकाळी उन्हाच्या आत निघेन. ट्रॅक्टर ट्रकवर घालणार नाही, चालवत आणणार. त्याचा वेग तुला ठाऊक आहे, तेव्हा जेवायला थांबू नका. अवजारं न्यायला येत नाही. ट्रॅक्टर द्यायला येतोय. आधी तुझं रान होऊ दे. बागेचं मग बघू. झाडतोड्याला ही म्हणाली, ‘शुक्रवारनंतर ये.’ तिने स्वतःहून सांगितलं, मी काही बोललो नव्हतो.

मी यायला नको असेल तर दूधगाडीवाल्याकडे निरोप दे. निरोप आला नाही तर मी निघालोच असं समज.

तुझा,
धाकटा


३ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. तू परवाच इथून गेलास आणि लगेच पत्र, म्हणून वहिनी हसतील. हसू देत. दोन दिवस आपण बरोबर होतो आणि ग्रीस, पिना, फण सोडून एक शब्द बोललो नाही. म्हणून लिहितो.

खिंड चढताना माझ्या मागे गाड्यांची रांग लागली होती. लोक भोंगे वाजवत होते, कुणी हात करून हसत होतं. मला काही वाटलं नाही. मनात एकच: फाटकात तू पहिला शब्द काय बोलशील? मी आपला उत्तरं जुळवत होतो. आणि तू बाहेर आलास, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारलीस, आणि म्हणालास, ‘डिझेल आहे का?’

‘आहे.’

‘मग आत घे.’

माझी सगळी उत्तरं खिशातच राहिली.

तुझ्या शेडमध्ये तो दुसरा ट्रॅक्टर बघून मी काही बोलायच्या आत तूच म्हणालास, ‘त्याच्याकडे बघू नकोस. त्याने मला फार छळलंय.’ माझा रोटाव्हेटर मातीला थोपटतो हे मी सांगितलं तेव्हा तू खाली बसून हसलास. तुला तसं हसताना मी किती वर्षांनी बघत होतो! तुझा वरचा एक दात पडलाय, दादा. मला माहीतच नव्हतं.

आणि मग ते जोडणं. त्याबद्दल मला लिहायचंच आहे. मी मागे घेत होतो, तू हाताने खुणा करत होतास. अजून. अजून. थांब. बोटभर डावीकडे. मी उतरलो तेव्हा तू डाव्या पिनेजवळ वाकला होतास, मी उजवीकडे वाकलो. हातोडा मी बरोबर आणला होता, तूही एक काढून ठेवला होतास. दोन्ही हातोडे जमिनीवरच राहिले. पीन नुसत्या अंगठ्याने आत गेली. तुझ्या बाजूची आणि माझ्या बाजूची, जवळजवळ बरोबरच. मग टॉपलिंक. ना ओढावी लागली, ना ढकलावी. बाबांना जाऊन इतका काळ लोटला, ट्रॅक्टर ताडपत्रीखाली, अवजारं तुझ्या भिंतीला टेकलेली, आणि त्या लोखंडाने एक केसही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. लिफ्ट वर घेतली तर पाचही फण एका रेषेत उचलले गेले. मला देवळात जसं होतं तसं झालं. तूही टोपी काढून हातात धरली होतीस.

शेवटी वहिनीच दारातून म्हणाल्या, ‘दोघं बघतच बसणार का आता? शेत बाहेर आहे.’

‘बाबांनी हे आपल्याला सांगितलं का नाही?’ तू म्हणालास. मला नाही, त्या अवजाराकडे बघूनच.

‘आपण विचारलं कुठे?’ मी म्हटलं.

तुझं वरचं रान झालं, मग आपण इकडे आलो. बागेत तू चालवायला बसलास, कारण एखादं झाड माझ्याच हातून मोडेल अशी मला धास्ती होती. दुसरं कुठलं कारण मी तुला सांगितलं असेल, ते खोटं. ट्रॅक्टर पहिल्या दोन ओळींत शिरला तेव्हा मी मागून दोन्ही बाजूंच्या फांद्या बघत होतो. दोन्हीकडे वीतभर जागा उरली, जास्त नाही. फांद्या तुझ्या खांद्यांना घासत होत्या आणि कळ्या तुझ्या शर्टावर, बॉनेटवर, सीटवर पडत होत्या. मागे माती उघडत होती, काळी, ओली, इतके दिवस गवताखाली कोंडलेली. मी फणांनी पाडलेल्या त्या तासातून अनवाणी चालत आलो. ओळ संपली आणि तू वळून ओरडलास, ‘बरोबर माप घेतलंस रे!’ मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि वाकून एक ढेकूळ उचललं. एकही झाड गेलं नाही. झाडतोड्याला हिने चहा पाजून परत पाठवलं. तो म्हणाला, ‘मग मला बोलावलं कशाला?’ ही म्हणाली, ‘तुमच्या धाकाने तर हे दोघं हलले.’

आता शेवटचं. निघताना तू अवजाराच्या पिनेवर हात ठेवून मला विचारलंस, ‘हे काढून ठेवू का? ज्याचं त्याच्याकडे?’ दिवस मावळला होता, तुझं खालचं रान अजून व्हायचं होतं. मी म्हणालो, ‘बघ तुला काय वाटतं ते.’ तू ‘उद्या बघू’ म्हणून सगळंच जोडलेलं घेऊन गेलास. मी रस्त्यावर उभा राहून तो लहान दिवा खिंडीकडे चढताना बघत होतो, तो दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ.

मला काय वाटतं ते मी तिथेच सांगायला हवं होतं. काढू नकोस, दादा. खालचं रान झालं तरी काढू नकोस. काकांची वाटणी मोडली असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. काकांना उलट आनंदच होईल. ट्रॅक्टर तुझ्याच शेडमध्ये उभा कर, तिथे छप्पर चांगलं आहे. लागला की मी मागायला येईन.

नाही लागला तरी येईन.

तुझ्या वाटेला लागलेला,
तुझा धाकटा